दुपारची हवा

त्या दुपारी आकाशात एकही गिधाड का नव्हते? मुलांनो, हा प्रश्न मी कड्यावरच्या प्रत्येकाला विचारला. कोणी पंख खाजवले, कोणी दुसरीकडे पाहिले. म्हणून आता तुम्हाला गोष्ट सांगतो.

एका जंगलाच्या टोकाला उंच कडा होता आणि त्या कड्यावर गिधाडे राहत असत. मी त्यांतलाच एक, आणि दादा माझा थोरला भाऊ. गिधाडाचे अंग जड. नुसते पंख मारून ते फार वेळ उडू शकत नाही. ऊन तापले की कड्याखालच्या काळ्या कातळावरून गरम हवा वर चढते. तिच्यावर पंख पसरून गोल गोल फिरत राहिले की ती आपल्याला उचलून नेते. पण हवा डोळ्यांना दिसत नाही. दूर कोणी घिरट्या घालताना दिसले, तरच कळते की हवा तिथे चढते आहे.

दरवर्षी दुसऱ्या डोंगरांवरून नवखी गिधाडे आमच्याकडे शिकायला येत. कड्यावरच्या सर्वांत म्हाताऱ्या गिधाडाला आम्ही आजोबा म्हणत असू. त्यांचा नियम होता, "नवख्यांनी सकाळी उडायचं. सकाळची हवा शांत असते, पडायची भीती नाही. दुपार जुन्यांची." ऐकायला हे शहाणपणाचे वाटे. पण सकाळची थंड हवा कोणालाच उचलत नाही. नवखे कड्यावरून उडी मारत, घसरत घसरत खाली हिरड्याच्या झाडापाशी उतरत, आणि तिथून धापा टाकत पुन्हा सगळा कडा चढत. वर पोचेपर्यंत दुपार होई. मग आजोबा म्हणत, "आता बसा खालच्या कपारीत, आणि आम्ही कसे उडतो ते बघा."

"आपण उडायला आलोय की डोंगर चढायला?" एक नवखा कुरकुरे.

"त्यापेक्षा उकिरड्यावर कावळ्यांत बसलेलं बरं," दुसरा म्हणे. "तिथे निदान जेवायला तरी हाका मारतात."

आणि चार दिवसांत ते निघून जात. "गेले? जाऊ देत," आजोबा म्हणत. "जिद्दच नव्हती. आम्हीही असेच शिकलो."

फक्त दादा त्या खालच्या कपारीत जाऊन नवख्यांशेजारी बसे. "आजोबा, एक दुपार त्यांना द्या," तो म्हणे. "एकदा हवेनं उचललं ना, की हाकललं तरी जाणार नाहीत."

"वर गर्दी होते," आजोबा म्हणत.

आणि मीही म्हणत असे, "दादा, माझी पाळी नको हं कोणाला देऊस." हे मी म्हटले होते. लपवणार नाही.

त्या वर्षी आलेल्या नवख्यांपैकी दोघेच उरले होते. एके दिवशी सगळ्या जुन्यांना पोटभर मिळाले आणि ते कपारींत पेंगत बसले. नवख्यांना दुपारी उडायची परवानगीच नव्हती. दादा एकटा लांब गेला होता. परत येताना ढगांनी ऊन झाकले. हवा कुठेतरीच चढत होती, पण कुठे? मी कड्यावरून पाहत होतो. दादा खाली खाली येत होता, आणि मान वळवून वळवून आकाशात कोणी दिसते का ते शोधत होता. मी उडी मारली, पण मलाही ती हवा सापडली नाही. मी हिरड्यापाशी उतरलो. दादा पलीकडच्या घळीत उतरला. त्या घळीत कोल्हे राहतात. पुढचे मी सांगणार नाही.

कड्याच्या माथ्यावर दादाचा बसायचा दगड होता. त्यावर मी कोणाला बसू दिले नाही. जो येई त्याला टोचून हाकलून देई.

नवव्या दिवशी, भर दुपारी, ते दोन नवखे माझ्याकडे आले. "निघतो आम्ही," त्यांतला धाकटा म्हणाला. "तुझ्या दादानं थांबा म्हटलं म्हणून थांबलो होतो. आता कोणासाठी थांबायचं?"

माझ्या डोळ्यांपुढे एकदम रिकामे आकाश आले. "थांबू नका," मी ओरडलो. "उडा! आत्ताच!"

"आत्ता? आजोबा रागावतील की!"

"रागावू देत. ते लांब गेलेत, बाकीचे पेंगतायत, कोणाला ऐकू जायचं नाही." असे म्हणून मी धाकट्याला सरळ ढकलले आणि मागोमाग उडी घेतली. दुसराही आला. काळ्या कातळावर पोचताच हवेने आम्हा तिघांना खालून उचलले.

"अरे! अरे, मी काहीच करत नाहीये!" धाकटा किंचाळला.

"करूच नकोस काही. असाच गोल फिर."

ते दोघे वेडेवाकडे, एकमेकांना धडकत फिरत होते आणि हसत होते. तेवढ्यात ढग आले. दूरवरून आजोबा परतत होते. एकटे, थकलेले, आणि घळीच्या अगदी वर आलेले. त्यांची मान इकडून तिकडे वळत होती, दादाची वळत होती तशीच. मग त्यांना आमचे तीन ठिपके दिसले, त्यांतले दोन वेडेवाकडे फिरणारे. आजोबा कसेबसे त्यांच्याखाली आले, पंख पसरले, आणि हळूहळू वर चढले.

कड्यावर उतरल्यावर कितीतरी वेळ ते नुसते धापा टाकत होते. मग त्यांनी विचारले, "वर कोण होतं?"

"गर्दी," मी म्हणालो.

आजोबांनी मान खाली घातली. दादा गेला त्या दुपारी आकाश रिकामे का होते, हे मी त्यांना पुन्हा विचारले. दुसऱ्या दिवशी ऊन तापले, तेव्हा ते स्वतः मागे सरकले आणि नवख्यांना वाट दिली.

त्याआधीची संध्याकाळ मात्र सांगायची राहिली. दोघे नवखे सवयीने खालच्या कपारीकडे निघाले होते. मी त्यांना हाक मारली. दादाचा दगड पंखाने झाडून साफ केला आणि म्हणालो, "इथं बसा. इथून काळा कातळ नीट दिसतो." ते अंग चोरून बसले. मग मी खाली उतरलो आणि कपारीत दादाच्या जागेवर जाऊन बसलो.

तात्पर्य : नवख्याला उरलेसुरले देऊन त्याची जिद्द तपासू नये. तो ज्या आनंदासाठी आला, तो त्याला आधी मिळू द्यावा. आज आपण ज्याला वर नेतो, तोच उद्या आपल्याला वाट दाखवतो.