शंभर गाठोडी आणि दोन रेघा

अख्ख्या माळवाडीला घोंगडी आली एकच! शंभर घरं, ऐन पौषातली थंडी, आणि घोंगडी एक!

त्याचं असं झालं. गवताच्या गंज्यांना आग लागली, ती घरांत शिरली आणि माळवाडीतलं सगळं अंथरूण-पांघरूण जळून खाक झालं. वेळूगडच्या महाराजांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला : ‘माळवाडीस शंभर लुगडी आणि घोंगडी द्यावी.’ आता कोठीवर बसलेले त्रिंबकराव कोठावळे. कोठीतली सुतळी द्यायची म्हटली तरी त्यांच्या पोटात दुखायचं! त्यांनी मोजून शंभर लुगडी दिली, वर एक घोंगडी ठेवली आणि कोठीला कुलूप ठोकलं.

गावानं घोंगडीच्या पाळ्या लावल्या. घरटी एक रात्र. गोजरा परटिणीच्या घराची पाळी आली त्र्याण्णवावी!

“तोवर उन्हाळा लागेल की!” गोजरा म्हणाली. तिचा म्हातारा बाप, लिंबाजी, कोपऱ्यात पोत्यात गुरफटून खोकत होता. ती ढास ऐकून तिचा जीव तुटायचा. उद्या-परवा हा गारठा बापाला घेऊन जाईल, या भीतीनं तिला घास गिळवेना. शेवटी ती उठली, त्या रात्रीच्या पाळीवाल्याकडून घोंगडी मागून घेतली, खांद्यावर टाकली आणि तडक गडावर गेली.

“महाराज, ही घ्या तुमची घोंगडी परत!” भर दरबारात तिनं ती पुढ्यात टाकली. “शंभर घरांना पुरेल एवढी लांब विणून द्या, नाहीतर शंभर द्या!”

महाराजांनी कोठावळ्यांकडे पाहिलं. कोठावळ्यांनी हुकुमाचा कागद उलगडला.

“वाचा महाराज. शंभर लुगडी. आणि घोंगडी. घोंगड्या नव्हे, घोंगडी! शंभर आकडा लुगड्यांच्या पुढे आहे. घोंगडीपुढे आहे का?”

महाराजांनी मिशी चावली. त्यांच्या मनात घरटी एकेक द्यायची होती, पण स्वभाव पडला हट्टी. एकदा बोलले की बोलले!

“पोरी, वेळूगडच्या हुकुमात अक्षर वाढत नाही, खोडलं जात नाही, हलत नाही. आजोबांपासूनची रीत आहे. तू यातलं काहीही न करता याच कागदातून शंभर घोंगड्या काढून दाखव. नाही जमलं, तर ही एकही ठेवून जायचं!”

कोठावळे गालातल्या गालात हसले. गोजराला बाप आठवला. रिकाम्या हातानं परत जाऊन बापाला काय सांगायचं? तिनं कागदाकडे टक लावून पाहिलं. पाहता पाहता तिचे डोळे चमकले.

“बोरू द्या!”

तिनं बोरू शाईत बुडवला आणि ‘लुगडी’च्या आधी एक वाकडी रेघ ओढली. ‘घोंगडी’च्या नंतर तिच्यासमोर तोंड करून दुसरी. कागदावर आता दिसत होतं : शंभर (लुगडी आणि घोंगडी).

“हे काय?” महाराज म्हणाले.

“गाठोडं! आम्ही परीट माणसं. एका घरचे कपडे सुटे ठेवले की हरवतात, म्हणून गाठ मारून टाकतो. मग कपडे मोजायचे नाहीत, गाठोडी मोजायची. इथं गाठोडी किती? शंभर! सोडा बरं ती. शंभर लुगडी निघतील आणि शंभर घोंगड्याही निघतील!”

“अक्षर वाढवलं हिनं!” कोठावळे ओरडले.

“अक्षर आहे होय? मग वाचून दाखवा की!”

कोठावळ्यांनी तोंड उघडलं. रेघेकडे पाहिलं. तोंड मिटलं. दरबारात खसखस पिकली.

“बरं, नसेल अक्षर,” ते घाम पुसत म्हणाले, “पण गाठोडं सोडल्यावर शंभर फक्त पहिल्यालाच लागणार. दुसऱ्याला का?”

“कोठावळे, शंभर गाठोडी पाठीवर टाकली, तर ओझं लुगड्यांचंच होईल, घोंगड्यांचं नाही, असं माझं गाढवसुद्धा म्हणायचं नाही!”

हसू दाबता दाबता महाराजांच्या मिशा थरथरू लागल्या. “या रेघांना म्हणायचं तरी काय?”

गोजरानं क्षणभर विचार केला. “कंस म्हणा! त्यानं नाही का देवकी-वसुदेवाला एका कोठडीत कोंडलं? यानं लुगड्याला आणि घोंगडीला कोंडलंय. बाहेरून शंभर भेटायला आला, तर दोघांनाही भेटेल. एकालाच भेटून मागं फिरायला दुसऱ्यानं काय त्याचं घोडं मारलंय?”

कोठावळ्यांनी शेवटची काडी टाकली. “ठीक! पण शंभर घरी लुगडी, पुन्हा शंभर घरी घोंगड्या. दोनशे खेपा होतील, महाराज! तोवर थंडी सरेल.”

“शंभर दोन्हीकडे आहे ना? सामाईक आहे तो! बाहेर काढा त्याला, आणि उरलं त्याची गाठ मारा. एक लुगडं, एक घोंगडी, एक गाठोडं. खेपा शंभरच!” गोजरा म्हणाली. “लुगडी पोचलीच आहेत म्हणा. पुढच्या वेळी लक्षात ठेवा.”

“शाबास!” महाराजांनी मांडीवर थाप मारली. “नव्व्याण्णव घोंगड्या आजच निघतील, आणि घरोघर नेऊन देतील स्वतः कोठावळे! पहिली खेप या पोरीच्या घरी. आणि हे तुझं बक्षीस.” त्यांनी कागद ओढून झरझर लिहिलं : ‘गोजरा परटिणीस पाच गाढवे आणि झूल द्यावी.’

कोठावळ्यांनी तो कागद वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग चढला. ते कागद घडी करून खिशात घालणार, तोच गोजरा पुढं धावली.

“थांबा, थांबा! बोरू कुठाय?”

तिनं गाढवांच्या आधी एक रेघ ओढली, झुलीच्या नंतर दुसरी.

“माझी चार गाढवं थंडीत कुडकुडली असती, महाराज!”

महाराज इतके हसले, इतके हसले की मुकुट कानावर आला. आणि गोजरा गड उतरली तेव्हा तिच्यापुढं पाच गाढवं चालत होती, पाचांच्याही पाठीवर झूल होती, आणि मागून नव्व्याण्णव घोंगड्यांच्या ढिगाखालून कोठावळे धापा टाकत येत होते.