सात वेळा गेलेला दगड

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा जहाजे शिडांवर चालत आणि वारा कोणाचेच ऐकत नसे. अशा काळी एका राज्यात, खाडीच्या तोंडाशी, एक बंदर होते. त्या बंदरातून वर्षातून एकदाच एक मोठे जहाज थेट उत्तरेला, बर्फाच्या देशाला जाई.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्ही विचाराल की बर्फाच्या देशात लोकांचे काय काम? काम काहीच नाही. लोक नुसते बघायला जात. तिथे म्हणे समुद्रावर पांढरे डोंगर तरंगतात आणि उन्हाळाभर सूर्य मावळायचे विसरतो. जो एकदा हे बघून येई, तो जन्मभर दुसरी गोष्ट सांगत नसे.

जहाजावर तीस माणसांना निजायला तीस फळ्या होत्या. एका फळीचे भाडे शंभर मोहरा. सरदार, सावकार आणि राजाचे मेव्हणे सहा महिने आधीच आपापली फळी धरून ठेवत. बाकीचे लोक धक्क्यावर उभे राहून हात हलवत.

त्याच बंदरात भिवराआत्या राहायची. ती कोणाचीच आत्या नव्हती, म्हणून सगळ्यांचीच होती. तिचे काम खाडीतले दगड गोळा करण्याचे. दगड कशाला? तर जहाज एका बाजूने हलके राहिले की वाऱ्यात कलते. म्हणून जी फळी रिकामी राही, तिच्यावर एका माणसाच्या आणि त्याच्या पेटीच्या वजनाइतके दगड गोणीत भरून बांधत. निघायच्या दिवशी सकाळी जहाजाचा नाखवा माणसे मोजायचा आणि आत्याला निरोप धाडायचा, अमुक फळ्यांचे दगड आण. त्यामुळे किती फळ्या रिकाम्या आहेत हे राजाच्याही आधी आत्याला कळायचे.

आत्याला एकच हौस होती. दर वर्षी थंडीच्या सुरुवातीला उत्तरेकडून हजारो लहान राखाडी पक्षी खाडीच्या चिखलावर उतरत, आणि ऊन तापू लागले की उडून जात. वीस वर्षे दगड वेचता वेचता आत्या त्यांना बघत आली होती. पण त्यांचे घरटे, त्यांचे अंडे, त्यांचे पिल्लू त्या किनाऱ्यावर कोणी कधी पाहिले नव्हते. मासे विकणारी चंद्री म्हणायची की हे पक्षी चिखलातूनच जन्मतात. आत्या म्हणायची, "घर असल्याशिवाय कोणी इतक्या घाईनं परत जात नाही." ते घर तिला एकदा बघायचे होते.

त्या वर्षी तिच्या डोळ्यांपुढे धुके दिसू लागले. वैद्यबुवांनी तिचे डोळे उजेडात धरून पाहिले आणि खरे तेच सांगितले. यंदा दिसेल. पुढच्या वर्षी जवळचे दिसेल. त्यापुढचे त्यांच्या हातात नव्हते.

आत्या घरी आली आणि थोडा वेळ उंबऱ्यावर बसली. मग उठून तिने जुनी लुगडी काढली आणि सात पदरी गोधडीसारखा एक जाड अंगरखा शिवायला घेतला. जायचे कसे हे तिला ठाऊक नव्हते. थंडीच्या देशाला जाड कपडा लागतो, एवढेच ठाऊक होते.

चंद्रीने ते पाहिले आणि टोपली टेकवून म्हणाली, "आत्या, म्हशीचा पत्ता नाही आणि तू दावं वळत बसलीस."

"दावं वळलेलं असलं की म्हैस सापडल्यावर धावाधाव होत नाही गं," आत्या म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

बर्फाचा देश बघायची हौस आणखी एकाला होती. ते होते कापडाच्या दुकानाचे शेटजी. त्यांना शंभर मोहरा जड नव्हत्या, पण त्या हातातून सुटत नव्हत्या. त्यांचा हिशेब असा, की शेवटच्या घटकेला रिकामी फळी नाखवा स्वस्तात देईल. हिशेब काही चुकीचा नव्हता. पण दर वर्षी शेटजी मोकळ्या हाताने धक्क्यावर येत आणि भाव करू लागत. फळी खालची हवी. उन्हाच्या बाजूची हवी. स्वयंपाकाचा धूर नको. शेजारी घोरणारा नको. एवढे होईपर्यंत ओहोटी लागे आणि जहाज निघून जाई. अशी त्यांची सात वर्षे गेली होती.

त्या वर्षी पक्षी उडून गेले आणि आठ दिवसांनी जहाज निघायचा दिवस आला. सकाळीच आत्याला निरोप मिळाला. यंदा दोन फळ्या रिकाम्या.

आत्या खाडीवर गेली. गेल्या वर्षीचे दगड तिथेच ओतलेले होते. एकेक उचलता उचलता तिच्या हाताला एक मोठा गुळगुळीत दगड लागला. त्याच्या अंगावर जानवे घातल्यासारखी पांढरी रेघ होती. आत्याने तो ओळखला. भरायला चांगला म्हणून गेली काही वर्षे ती दर वेळी तोच उचलायची. तिने बोटांवर मोजले आणि खाली बसली.

"अरे," ती दगडाला म्हणाली, "तू सात वेळा जाऊन आलास. तेही फुकट. वर तुला उचलून ठेवायचे मला पैसे मिळाले."

आणि ती इतकी हसली की पलीकडे चंद्री मासे निवडायची थांबली. मग आत्याचे हसू हळूहळू विरले. वीस वर्षे ती रिकाम्या फळ्यांवर दगड बांधत होती. मला न्या, असे तिने एकदाही विचारले नव्हते. कोणी तिला नाही म्हटले नव्हते. तिनेच विचारले नव्हते.

तिने गोणी एकच भरली. घरी जाऊन अंगरखा, चार कपडे, सुईदोरा आणि गाठीच्या पाच मोहरा घेतल्या. बोचके आणि तो रेघेचा दगड धक्क्याच्या कडेला ठेवून ती नाखव्यापुढे उभी राहिली.

पांढऱ्या दाढीचा नाखवा कमी बोलायचा. त्याने विचारले, "दगड आणलेस, आत्या?"

"एका फळीचे आणले, नाखवा. दुसरीवर मी येते."

हमाल हसले. नाखव्यालाही ती थट्टा वाटली. पण आत्याने शांतपणे आपले म्हणणे मांडले. दगड भाडे देत नाही. ती आपल्या खाण्यापुरत्या पाच मोहरा देईल, आणि वाटेत शिडे फाटली तर शिवील. दगडाला शिवता येत नाही.

नाखवा विचारात पडला. बाकीच्यांनी शंभर मोहरा मोजल्या होत्या. त्यांना काय सांगायचे, असे त्याने विचारले.

आत्या म्हणाली, "त्यांनी मनासारखी फळी निवडली आणि सहा महिने निवांत झोपले. मला अजूनही ठाऊक नाही, जायचं की घरी परतायचं. आणि उरलेली फळी कुठली, हेही मी विचारलेलं नाही."

वर डेकवर एक म्हातारे सरदार गुडघ्याला तेल चोळत बसले होते. त्यांनी वरूनच मान हलवली आणि म्हणाले की बाई बोलते ते खरे आहे, आपण तर अर्धे पैसे खिडकीचे दिले आहेत.

फळी कुठली ते मग नाखव्याने सांगितले. स्वयंपाकघराला लागून, धुराची. आत्या म्हणाली की तिचा जन्म चुलीपुढेच गेला आहे.

"ओहोटीला अर्धी घटका उरली," नाखवा म्हणाला. "सामान आणायला वेळ नाही."

आत्याने धक्क्याच्या कडेच्या बोचक्याकडे बोट दाखवले.

नाखव्याने त्या बोचक्याकडे पाहिले. तीस वर्षे तो रिकाम्या फळीवर दगड नेत होता. त्यालाही कधी दुसरे काही सुचले नव्हते. पण जहाजाचा तोल म्हणजे तोल. धक्क्यावर मालाचा मोठा काटा होता. त्याच्या एका पारड्यात त्याने दगडांची गोणी ठेवायला लावली आणि दुसऱ्यात आत्याला बसवले.

आत्याचे पारडे वरच राहिले. बोचके मांडीवर दिले, तरी ते खाली येईना. आता त्यांनाही हसू येत नव्हते. आत्याचा चेहरा उतरला. तिने एकदा उत्तरेकडे पाहिले. तिकडचे आकाश तिला धूसर दिसत होते.

मग ती खाली उतरली, रेघेचा दगड उचलून आणला आणि तो मांडीवर घेऊन पुन्हा पारड्यात बसली. काटा हलला, थरथरला आणि बरोबर मध्ये येऊन थांबला.

"याला घेऊनच जाते," आत्या म्हणाली. "याला वाट ठाऊक आहे."

तेव्हा मात्र नाखवा खदखदून हसला. त्याला तसे हसताना बंदराने पहिल्यांदाच पाहिले.

शेटजी यंदाही मोकळ्या हाताने धक्क्यावर आले होते. त्याच हसऱ्या तोंडाने नाखव्याने त्यांच्याकडे वळून सांगितले, की दुसरी फळी वीस मोहरांना देतो, चला. शेटजींच्या आनंदाला पार राहिला नाही. पण त्यांनी आधी पाचला मागितली. मग बाजू कुठली ते विचारले. मग त्यांच्या लक्षात आले की अंगावर पातळ सदरा आहे. दुकानात लोकरीच्या शालींच्या थप्प्या होत्या, पण धक्क्यावर एकही नव्हती. ते घरी पळाले. पेटीची किल्ली सापडेना. सापडली तेव्हा पेटी उघडेना. ते शाली घेऊन परत आले तेव्हा जहाजाची शिडे खाडीबाहेर पडली होती. शेटजींच्या फळीवर दगड निघाले होते.

जहाज उत्तरेला जाऊ लागले. बोचरे वारे सुटले तेव्हा सगळ्यांना एक गंमत कळली. स्वयंपाकघराजवळची धुराची फळी हीच जहाजातली सगळ्यांत उबदार जागा होती. खिडकीवाले सरदार रोज गुडघे शेकायला आत्याच्या फळीवर येऊन बसू लागले. त्यांच्यामागून राजाचे मेव्हणे आले. आत्या सरकून जागा द्यायची आणि त्यांचे फाटके हातमोजे शिवायची.

आणि एके दिवशी पांढरे डोंगर दिसले. ते खरोखरच तरंगत होते. सूर्य क्षितिजापाशी येई, थोडा टेकल्यासारखा करी आणि पुन्हा वर जाई. किनाऱ्यावर मिशावाले, जाडजूड प्राणी ऊन खात लोळत होते. आत्या म्हणाली की दुपारी गल्ल्यावर बसलेले आपले शेटजी असेच दिसतात.

जहाज थांबले. आत्या दगड कडेवर घेऊन उतरली. शेवाळाच्या उतारावर ती दहा पावले गेली असेल नसेल, तोच ओळखीचा आवाज आला. खाडीवर वीस वर्षे ऐकलेला. तिने खाली वाकून पाहिले. काड्या नाहीत, झाड नाही. जमिनीतच एक वाटीएवढा खळगा, आणि त्यात चार ठिपकेदार अंडी. पलीकडच्या खळग्यातून कापसाच्या बोंडाएवढी पिल्ले तुरुतुरु पळत होती. त्यांची राखाडी आई हातभर अंतरावर उभी होती.

आत्या गुडघ्यांवर बसली. डोळ्यांतले पाणी तिने घाईने पुसले, कारण त्याने दिसेनासे होत होते.

"तुझं घर पाहिलं हो," ती हळूच म्हणाली. "दर वर्षी तू माझ्याकडे येतेस. आज मी आले. फिटंफाट झाली."

रेघेचा दगड तिने तिथेच ठेवला. सात वेळा तो गोणीत बांधलेला आला आणि किनारा न बघताच परत गेला होता. आता बघ म्हणावे पोटभर. परतीच्या तोलासाठी तिने तेवढ्याच वजनाचा तिथला काळा दगड उचलला.

थंडीच्या तोंडाशी जहाज परत आले. मागोमाग पक्षीही आले. त्यांतली नवी पिल्ले कुठली, हे बंदरात फक्त आत्याला ओळखता येत होते. तिने घरट्यांची गोष्ट सांगितली. चंद्रीने ती तीनदा ऐकली आणि म्हणाली, "मलाही एक अंगरखा शिवून दे."

नाखव्याने तो काळा दगड धक्क्यावर मांडला आणि नवी रीत सुरू केली. निघायच्या दिवशी दगडांचा निरोप धाडण्याआधी दवंडी पिटायची. ज्याचे बोचके तयार असेल त्याने काळ्या दगडावर येऊन बसावे. फळी उरली तर मिळेल ती घ्यावी आणि झेपेल ते द्यावे. त्या रीतीने पुढे एक कुंभार गेला, एक शाळेचे पंतोजी गेले आणि अंगरखा घालून चंद्रीही गेली.

आणि पुढच्याच वर्षी दवंडी पिटायच्या आधी, भर उकाड्यात अंगावर तीन शाली घेऊन, घामाघूम होऊन त्या दगडावर पहिले कोण बसले होते? शेटजी. नाखवा त्यांना सांगू लागला की उरलेली फळी वरची आहे, शेजारी घोरणारा आहे... शेटजींनी त्याला बोलणे पुरे करू दिले नाही. ते म्हणाले, "चालेल." आणि गेले.

काही वर्षांनी आत्याला दिसेनासे झाले. थंडीत ती काळ्या दगडावर बसायची आणि पक्षी तिच्या पायांशी चिखल टिपत फिरायचे. मुले विचारायची, आत्या, आता तुला काहीच दिसत नाही ना? आत्या हसायची आणि सांगायची, बघायचे ते वेळेवर बघून ठेवले आहे, आता नुसते आठवायचे काम.

म्हणून सांगते, मागायला लाजू नये, आणि मिळाले तर निघायला उशीर होऊ नये म्हणून बोचके आधीच बांधून ठेवावे.