पाठीमागे लपवलेले दावे

कार्तिक वद्य नवमीचा दिवस होता. आभाळ भरून आले होते, वारा पडला होता. पूर्वी वेत्रवतीकाठच्या एका नगरात सुबाहू राजा राज्य करीत असतानाची ही गोष्ट. बोधिसत्त्व तेव्हा घोडे शिकवणाऱ्यांच्या कुळात सोमिल या नावाने जन्मले होते.

राजाच्या पागेतल्या कपिशा नावाच्या घोडीने दोन मोतद्दारांच्या बरगड्या मोडल्या होत्या. राजाने आज्ञा केली, "अमावास्येपर्यंत तिच्यावर खोगीर चढले नाही, तर मारून टाका." मारायचे होते पागेचा नायक खंडक याने. तिला आईच्या पोटातून ओढून काढणाराही तोच. म्हणून त्याने परमुलखातल्या सोमिलला बोलावले, आणि तो आला त्या क्षणापासून त्याच्यावर नजर ठेवली.

त्याच नवमीला सोमिल कुंपणात शिरला. घोडी बांधायचे दावे समोर उघडे ठेवून, तिच्याकडे पाठ करून तो बसला. खांद्यावरून पाहताना तिने कान पाडलेले दिसले की तो उठून चार पावले दूर जाई. दिवसभर एवढेच.

"बसायला आलाय का हा?" खंडक मोतद्दाराला म्हणाला. "सासऱ्यालासुद्धा कुणी इतका मान देत नाही!"

एकादशीला घोडी सोमिलच्या मागोमाग चालू लागली. खंडकाच्या मनात पाल चुकचुकली. त्याने चारा हुंगला, पाणी चाखले, सोमिलची झोळी उपडी केली. एक खरारा आणि मूठभर चणे निघाले. चणेही त्याने चावून पाहिले.

"भाजलेले आहेत, नायक. पोट दुखणार नाही," सोमिल म्हणाला.

"हसू नकोस. काहीतरी हुंगवलेयस तिला. गुंगी उतरली की ती राजाला पाडेल, आणि तू तेव्हा सीमेपलीकडे असशील."

"मग गुंगी उतरेपर्यंत मला कोंडा. नंतर तुम्हीच आत जा."

खंडकाने त्याला खरोखरच कोंडले. चतुर्दशीला कुंपणाबाहेर आणून उभे केले आणि स्वतः आत गेला. घोडी लांब सरकली, कान पाडून तिने पुठ्ठे फिरवले.

"पाहिलेत? उतरली गुंगी!" खंडक ओरडला.

"नायक, तुमचा उजवा हात कुठे आहे?"

हात पाठीमागे होता, हातात दावे. त्या पागेत प्रत्येक जण पहिल्या दिवशी हेच शिकत असे.

"दावे दाखवले तर जनावर पळते," खंडक म्हणाला.

"पळू द्या. लपवलेला हात तिने जन्मभर पाहिला आहे. दावे खाली ठेवा आणि पाठ फिरवा."

खंडकाला वाटले, हा आपल्याला लाथ बसवायला पाहतोय. पण उद्या अमावास्या होती. त्याने दावे जमिनीवर ठेवले आणि पाठ फिरवली. बऱ्याच वेळाने मानेवर उष्ण श्वास लागला. घोडीने मान खाली घातली, जबडा चघळल्यासारखा हलवला आणि दावे हुंगले. खंडक वळला नाही.

अमावास्येला सकाळी कपिशावर खोगीर चढले. राजा तिच्यावरून नदीपर्यंत जाऊन परत आला. घोडी पुढे एकोणीस वर्षे जगली.

विहारातल्या भिक्षूंना ही कथा सांगून शास्त्यांनी, त्यांच्या गुरूंनी, पूर्वजन्मीची ओळख पटवली, "तेव्हाचा खंडक म्हणजे पाहुण्या भिक्षूंची पात्रे उलटी करून पाहणारा हा ज्येष्ठ स्थविर. कपिशा म्हणजे काल विहारात आलेली, अजून कुणाशी न बोललेली भिक्षुणी. सोमिल मीच होतो."

त्या जन्मी बोधिसत्त्वांनी आचरलेली पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला सद्गुण, क्षांतीची, सहनशीलतेची.