विणकराचं जांभूळ

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणाऱ्यालाही आठवत नाही. त्या गावात एक विणकर आणि त्याची बायको राहत. अंगणात एक जांभळाचं झाड होतं. ते त्यांच्या एकुलत्या एका लेकीने लहानपणी लावलेलं. लेक लग्न होऊन दूर गेली, आणि तिच्यावरची सगळी माया विणकर त्या झाडावर करू लागला.

झाडाला त्याने कधी कुणाला हात लावू दिला नाही. मग काय, झाड वेडंवाकडं वाढलं. त्याच्या दोन जाडजूड फांद्या माजघरावर आल्या. वारा सुटला की त्या करकरायच्या आणि कौलांना घासायच्या.

अशात निरोप आला, की महिन्याभरात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतेय. पाळणा माजघरातच बांधायचा होता.

"अहो, डोंगरापलीकडे झाडं छाटणारी बाई आहे. तिला बोलवा," बायको म्हणाली.

"परक्याची करवत माझ्या लेकीच्या झाडाला? मुळीच नाही!" असं म्हणून विणकर स्वतःच कुऱ्हाड घेऊन चढला.

आता, मागाच्या धोट्यावर चालणारा हात कुऱ्हाडीवर कसा चालायचा? त्याने वरूनच घाव घातले. फांदी अर्धी तुटली, आपल्याच भाराने कोसळली आणि जाताना बुंध्याची हातभर साल सोलून घेऊन गेली. चार कौलं फुटली, त्याचं काही नाही. पण आतलं ओलं लाकूड उघडं पडलेलं पाहून विणकर खाली उतरला आणि पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी तो आपणच डोंगर ओलांडून गेला.

बाई आली. झाडाभोवती दोनदा फिरली, वर बघत राहिली. उन्हं चढली तरी करवत पिशवीतच! विणकर चुळबुळू लागला. "बाई, कापणार कधी?"

"आधी बघू तर द्या, काका. दुसऱ्या फांदीवर होल्याचं घरटं आहे. पिल्लं उडाली की येते."

पंधरा दिवसांनी ती आली. फांदीला तिने दोर बांधला. आधी खालून काप घेतला, मग थोडं पुढे सरकून वरून. फांदी दोराने अलगद खाली उतरली; साल कुठेच फाटली नाही. मग जुन्या जखमेच्या कडा तिने सुरीने साफ केल्या. विणकर घाईघाईने चिखल कालवून घेऊन आला.

"लिंपू नका, काका. वारा लागू द्या. झाड आपली साल आपणच भरतं."

विणकराने मान खाली घातली. "मायेपोटीच कुणाला हात लावू दिला नाही हो मी."

"माया दिसतेच आहे. पण लेकीची वेळ आली की सुईण बोलावणार ना? की तिथेही तुम्हीच बसणार?"

डोळे पुसता पुसता विणकराला हसू फुटलं.

लेक आली. झाडावरची जखम पाहून ती दारातच थबकली.

"माझ्या हातून झालं गं पोरी," विणकर म्हणाला.

लेकीने झाडावरून हात फिरवला, आणि मग तोच हात बापाच्या पाठीवरून फिरवला. चार दिवसांनी तिच्या पोटात पहिली कळ आली, तेव्हा बायको काही बोलायच्या आत विणकर सुईणीच्या दारात उभा होता.

नात झाली. तिचा पाळणा माजघरात निर्धास्त हलू लागला. दोन वर्षांनी जांभळं खाऊन तिचं तोंड जांभळं झालं, तोवर झाडाची जखम कडेकडेने भरत आली होती. व्रण मात्र राहिला. आल्यागेल्याला विणकर तो स्वतःहून दाखवायचा.

बाळांनो आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, माया आपली असावी, पण जिथे इजा होऊ शकते तिथे हात जाणत्याचा असावा.