नळीने लपवलेली चीर

जीपच्या बॉनेटखालची मंडळी एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. केरबा मास्तरांनी एकदा घरीच जीपचा, हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर उघडून साफ केला. त्या ओढाताणीत शेजारची रबरी नळी खालच्या अंगाला चिरली. चीर दिसली तर आपल्याला फेकून देतील, या भीतीने नळी अंग चोरून बसली.

चिरेतून नको ती हवा आत शिरू लागली आणि इंजिन थरथरायला लागलं. "माझंच काहीतरी चुकतंय वाटतं," कार्ब्युरेटर बिचारा म्हणाला. नळी गप्पच राहिली. मास्तरांनी त्याला काढून भंगाराच्या डब्यात टाकलं आणि नवा बसवला. थरथर मात्र तशीच!

शेवटी बाबालाल मिस्त्री आले. त्यांनी उदबत्ती पेटवून सुरू इंजिनाभोवती फिरवली. वर जाणारा धूर नळीपाशी येताच वळला आणि सुळकन चिरेत शिरला.

"मास्तर, जुना कार्ब्युरेटर चांगलाच होता की हो!" मिस्त्री हळहळले.

नळीही डब्यात पडली. धुळीने माखलेल्या कार्ब्युरेटरने तिला लगेच ओळखलं.

"माझ्यापायी तुलाही काढलं का गं?" त्याने विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी नळीने चिरलेली बाजू डब्याच्या तळाशी दाबून धरली.