टिटवी आणि ‘येते हं’ म्हणणारी साळुंकी

एका उघड्या माळावर एक टिटवी आपल्या जोडीदारासह राहत असे. खड्यांमध्ये उथळ खळगा करून तिने चार अंडी घातली होती. अंडीही खड्यांसारखीच ठिपक्यांची, त्यामुळे ती पटकन दिसत नसत. मुलांनो, टिटवीच्या घराला भिंत नसते, दार नसते. तिकडे कुणाचे लक्ष जात नाही, एवढेच त्याचे कुंपण. एके दिवशी ससाण्याने तिच्या जोडीदाराला उचलून नेले. आता ऊन चढले की नदीवर जाऊन पोटाची पिसे भिजवायची आणि परत येऊन त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवायची, हे सारे तिला एकटीलाच करावे लागे.

बातमी कळताच साळुंकी भेटायला आली. मागोमाग कावळा आला, ससाही आला. अंडी कुणाला दिसू नयेत म्हणून टिटवी खळग्यापासून दूर जाऊन बसली. “कसं झालं गं बाई?” साळुंकीने विचारले. टिटवीने सांगितले. दुसऱ्या दिवशी साळुंकी आणखी चौघींना घेऊन आली. “यांनाही सांग ना. ससाणा कुठल्या बाजूने आला?” टिटवीने पुन्हा सांगितले. निघताना साळुंकी म्हणे, “येते हं!” आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच येई. तिकडे अंडी उन्हात तापत राहत.

पाचव्या दिवशी टिटवी म्हणाली, “साळुंकीताई, दुःखाच्या घरून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत. ही रीत उगाच नाही पडलेली. तुम्ही आलात, बसलात, तुमची माया पोचली. आता येऊ नका.”

“ऐकलंत? आम्ही जीव तोडून येतो आणि ही आम्हाला रीत शिकवते!” साळुंकी फणकारली.

“हिच्या डोळ्यांत पाणी तरी दिसलं का कुणाला?” कावळ्याने विचारले.

“पाणी मला पोटाच्या पिसांत लागतं,” टिटवी म्हणाली. “डोळ्यांत आणून दाखवायला मला सवड नाही.”

याचा अर्थ कुणालाच कळला नाही. उलट, ही एकटी असताना तरी रडते का, हे पाहायला दुसऱ्या दिवशी सगळे जवळच्या बाभळीवर आणि बाभळीखाली जमले. पलीकडच्या टेकडीवरून कोल्ह्याने ही गर्दी पाहिली. “रोज एकाच जागी एवढे सगळे का जमतात? तिथे काहीतरी असणारच,” असे म्हणत, सशाच्या येण्याजाण्याने गवतात पडलेल्या पायवाटेने तो निघाला. त्याला पाहताच ससा बिळात पळाला. कोल्हा खळग्यापासून दहा पावलांवर आला, तोच टिटवी किंचाळत त्याच्या पुढ्यात पडली. एक पंख फरफटत, लंगडत ती ओरडू लागली, “इकडे बघ! मी इथे आहे, इकडे बघ!”

“कालपर्यंत ‘येऊ नका’ म्हणत होती, आणि आज पाहा हे नाटक!” कावळा बाभळीवरून हसला.

कोल्ह्याने झडप घातली; तोंडात धूळ आली. पुन्हा घातली, पुन्हा धूळ. असे करत करत टिटवीने त्याला थेट नदीच्या चिखलापर्यंत नेले, आणि तिथे दोन्ही पंख पसरून ती पलीकडच्या काठावर उडून गेली. कोल्हा पाय झटकत निघून गेला.

टिटवी पोटाची पिसे भिजवून परतली आणि सगळ्यांच्या देखत खळग्यात जाऊन बसली. तेव्हा कुठे सगळ्यांना अंडी दिसली.

“अगं, आम्हाला सांगायचंस तरी!” साळुंकी हळूच म्हणाली.

“‘कसं झालं’ हे सगळ्यांनी विचारलं. ‘काय उरलंय’ हे एकानेही विचारलं नाही,” टिटवी म्हणाली. “आणि विचारलं असतं, तरी मी सांगितलं नसतं.”

त्या दिवशी साळुंकी ‘येते हं’ न म्हणताच उडून गेली.

आठ दिवसांनी खड्यांमधून चार पिल्ले तुरुतुरु पळू लागली. साळुंकी लांब दगडावर येऊन थांबली. तिने विचारले, “येऊ का?”

“या,” टिटवी म्हणाली. “आणि आज जाताना ‘येते’ म्हणा.”

तात्पर्य : आपल्याकडे कुणी आणि केव्हा पाहावे, हे ठरवण्याचा हक्क दुःखात असलेल्यालाही असतो; ज्याला खरी सोबत करायची आहे, त्याने आधी विचारावे.