गाडीभोवतीचा फेरा

पूर्वी वेत्रवती नगरीत सुयाम राजाचे राज्य चालले असता बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या, म्हणजे व्यापारी तांड्याच्या प्रमुखाच्या, घरी जन्मले. मोठे झाल्यावर बैलगाड्यांचा तांडा घेऊन ते गावोगाव तांदूळ विकू लागले. उंदरांपासून पोती राखायला तांड्यात तांबी नावाची एक मांजरी होती.

भल्लक हा पहिल्या गाडीचा गाडीवान. कामाला सरळ, तोंडाने फटकळ. एका सकाळी खडकाळ उतारावर त्याची गाडी कलली आणि वरचे पोते थेट तांबीच्या अंगावर पडले. पोते उचलले तर ती आपली आपण उभी राहिली. रक्ताचा ठिपकाही नव्हता.

तांडेवाल्यांची एक रीत होती. मार लागलेल्या बैलाला गाडीभोवती फेरा मारायला लावायचा. फिरला तर जुंपायचा. भल्लकाने तीच रीत मांजरीला लावली. तांबी फेरा फिरली आणि गाडीखाली जाऊन बसली.

"चालली, म्हणजे वाचली," भल्लक म्हणाला. "जुंपा आता. मागून धनपालाचा तांडा येतोय. तो आधी जत्रेत पोचला तर आपला तांदूळ कुत्रंही हुंगणार नाही."

बोधिसत्त्व मात्र गाडीखाली वाकले. तांबी अंग चोरून, तोंड उघडे ठेवून धापा टाकत होती. कान गार, पोट ताठ. त्यांनी तिचा ओठ हलकेच वर केला. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"हिला आतून लागलंय, भल्लका. पोटात रक्त साचतंय."

"रक्त दिसतंय कुठं, मालक?"

"दिसत नाही, तीच तर भीती. बैल लंगडतो, हंबरतो. मांजर दुखणं गिळून बसतं. तू फेरा मारायला लावलास, तेवढाही तिला जड गेला."

भल्लकाला ते झोंबले. "मग कोमट दूध पाजतो. पोटाला तेल चोळतो."

"पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि पोटाला बोट लावायचं नाही. फळी आण."

त्यांनी तांबीला न उचलता, अलगद सरकवत फळीवर घेतले आणि वर कांबळे पांघरले. मागच्या गावात उपला आजी गुरांना औषध देत असे. गाडीचे हिसके बसले असते, म्हणून पायीच जायचे ठरले.

"एका मांजरीपायी तांडा थांबवायचा?" भल्लक म्हणाला. "मांजरं काय, पुष्कळ मिळतात."

"पोतीही पुष्कळ आहेत म्हणून ती कधी झोपून राहिली नाही. फळीचं दुसरं टोक धर."

कुरकुरत भल्लकाने टोक धरले. चढावर धनपालाचा तांडा समोरून आला. "मांजरीची पालखी चालली. भल्लकदादा, झांजा कुठं राहिल्या?" कुणीतरी विचारले. एरवी भल्लकाने त्याचे सात पूर्वज काढले असते. पण मान वळवली तर फळी कलली असती. तो कांबळ्याखालचा श्वास बघत चालत राहिला.

आजीने हिरड्या पाहिल्या. "बरं झालं, हिसका न देता आणलीत. हिला उबेत, अंधारात, अजिबात न हलवता ठेवायची. आतलं रक्त थांबलं तर जगेल. माझ्या हाती एवढंच."

तिने तांबीला अलगद टोपलीत सरकवले. भल्लक त्या टोपलीपाशी बसला तो उठेना. हिरड्यांवर रंग परतायला बरेच दिवस लागले. तोवर जत्रा मोडली. तांदूळ पडेल भावाने गेला. तांबी जगली.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, विहाराच्या कोपऱ्यात तो तरुण भिक्षू पोट धरून गप्प बसला आहे. तो तेव्हा तांबी होता. 'भिक्षेला चालत गेला, म्हणजे बराच आहे' असे आज सकाळी जो म्हणाला, तो भल्लक. सार्थवाह मी होतो. जे केले पाहिजे ते कळल्यावर हसण्याने वा तोट्याने न ढळणे, ही अधिष्ठान पारमिता. आता उठा. त्याला चालवू नका. फळी आणा."